घरात पिस्तूल ठेवू का, आणि बंदुका वाढल्या की खून वाढतात का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांचं तालुक्याच्या गावी सराफीचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर राहतं घर, मध्यंतरी पलीकडच्या पेठेत दरोडा पडला आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नाही. शस्त्र परवान्यासाठी अर्ज करायच्या विचारात आहेत. मित्र म्हणतो काढच, अमेरिकेत घरोघरी बंदूक आहे म्हणून चोर टरकून असतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये पण घरोघरी बंदूक आहे तरी तिथे खून होत नाहीत. मेहुणा म्हणतो बंदुका आल्या की खून वाढणारच. आकडे दोघंही दाखवतायत. मग खरं कोणाचं?

मी ट्रॉमा सर्जन आहे. एमएस महाराष्ट्रातल्या एका सरकारी हॉस्पिटलातून केलं, आणि गेली सतराएक वर्षं फिलाडेल्फियात आहे, गोळी लागलेली माणसं हेच रोजचं काम. उत्तर लांबणार आहे पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं: बंदुकांमुळे भांडणं फारशी वाढत नाहीत, चोऱ्यांचा आकडाही फारसा हलत नाही, पण जे भांडण टाके घालून संपलं असतं ते पोस्टमॉर्टेमला जातं.

दोन रात्री सांगतो म्हणजे कळेल.

पहिली १९९८ मधली. मी रजिस्ट्रार, कॅज्युअल्टीला ड्युटी, रात्री साडेदहाच्या सुमारास जीपमधून चाळिशीचा एक शेतकरी आणला. बांधावरून चुलतभावाशी जुंपली आणि त्याने ऊसतोडीचा कोयता चालवला. दंड, खांदा, पाठ मिळून सात वार, एक तर हाडापर्यंत गेलेला, वरून पंचा करकचून बांधलेला आणि तो पंचा रक्ताने वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. माणूस बोलत होता, पाणी मागत होता, म्हशीला कोणी वैरण टाकली का विचारत होता. रक्ताच्या दोन बाटल्या मिळाल्या, त्यातली एक जीपच्या ड्रायव्हरने दिलेली. लाइट दोनदा गेली. पहाटे साडेतीनपर्यंत शिवत होतो. बाराव्या दिवशी तो चालत घरी गेला, दोन बोटं नीट वळत नव्हती, पण चालत गेला, आणि न्यायला जी माणसं आली होती त्यात त्या चुलतभावाचा थोरला मुलगा पण होता.

दुसरी २०२१ मधली, जुलै महिना, इथली. फिलाडेल्फियात एक पद्धत आहे जी दुसरीकडे फारशी बघायला मिळत नाही, गोळी लागलेल्या माणसासाठी पोलीस अँब्युलन्सची वाट बघत नाहीत, सरळ आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकतात आणि सायरन लावून हॉस्पिटल गाठतात. तसाच एक १९ वर्षांचा पोरगा आला, गोळी लागून दहा मिनिटंही झाली नसतील. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे गाडी लावण्यावरून बाचाबाची झालेली, बस एवढंच. डाव्या काखेखाली हरभऱ्याएवढं भोक, बाहेर रक्त जवळजवळ नाहीच, बघणाऱ्याला वाटेल काय झालंय याला. नाडी लागत नव्हती. आम्ही तिथेच ट्रॉमा बेमध्ये छाती उघडली, आत दोन लिटरच्या वर रक्त, फुप्फुसाच्या मुळाशी ज्या मोठ्या नसा असतात त्यातून गोळी आरपार गेलेली. कोयत्याचे वार झालेल्या त्या शेतकऱ्याला ज्यातलं काहीच मिळालं नव्हतं ते सगळं या पोराला मिळालं, रक्त, भूल देणारे, चार सर्जन, सगळं तयार. गेला. त्याच्या आईला मी सांगितलं तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं की एकच गोळी ना? एकच ना?

आता कोणी म्हणेल या दोन गोष्टी झाल्या, दोन देश, दोन काळ. बरोबर आहे. म्हणून एकाच शहराचे आकडे घ्या. २००३ ते २००७ या काळात फिलाडेल्फियात भोसकलेले आणि गोळी लागलेले मिळून चार हजारांवर रुग्ण तपासले गेले, तेच सर्जन, तीच हॉस्पिटलं, तेच रस्ते. गोळी लागलेल्यांपैकी ३३ टक्के दगावले, भोसकलेल्यांपैकी ७.७ टक्के. म्हणजे चौपटीच्या वर. सुरा लागलेला माणूस आमच्याकडे जिवंत पोचला की शंभरात ब्याण्णव वेळा तो घरी जातो, आणि गोळीवाल्याचं तसं सांगता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्याला खरंच जीव घ्यायचा असतो तोच बंदूक उचलतो, चाकूवाल्याला फक्त घाबरवायचं असतं, म्हणजे फरक हेतूचा, हत्याराचा नाही. आक्षेप चांगला आहे, मीही बरीच वर्षं तसंच मानायचो. याचं उत्तर फ्रँकलिन झिमरिंग नावाच्या संशोधकाने १९६८ मध्येच शोधलं होतं. त्यांनी शिकागो पोलिसांच्या नोंदी काढल्या आणि बघितलं तर दोन्हीकडची माणसं तीच, भांडणं तीच, दारू, बायको, उधारी, अपमान. चाकूवालेही बऱ्याचदा पोटात, छातीत मारतात आणि पुन्हा पुन्हा मारतात, म्हणजे ते काही गंमत म्हणून मारत नव्हते. तरी बंदुकीच्या हल्ल्यात मरायचं प्रमाण चाकूच्या साधारण पाचपट होतं.

मला स्वतःला त्याहून पटलं ते बॉस्टनचं काम, २०१८ मध्ये आलेलं. २०१० ते २०१४ मधल्या गोळीबाराच्या केसेसमध्ये त्यांनी फक्त गोळीची जाडी बघितली, म्हणजे कॅलिबर. गोळ्या किती लागल्या, शरीरात कुठे लागल्या, भांडण कशावरून होतं, यात लहान आणि मोठ्या कॅलिबरमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण मोठ्या कॅलिबरची गोळी लागलेल्याचा मरायचा धोका लहान कॅलिबरच्या कितीतरी पट, आणि हिशोब असा निघाला की सगळीच पिस्तुलं लहान कॅलिबरची असती तर खून जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले असते. रस्त्यावरचा पोरगा काही कॅलिबर निवडून घेत नाही हो, हाताला जे मिळालं ते घेतो. म्हणजे राग तेवढाच, नेम तेवढाच, फक्त धातूचा तुकडा दोन-तीन मिलिमीटरने जाड, आणि तेवढ्यावर खालच्या मजल्यावर आयसीयू की शवागार हे ठरतं.

ऑपरेशन करताना हे डोळ्यांना दिसतं. साध्या पॉइंट टू टू पिस्तुलाची गोळी अडीच ग्रॅमची, नाइन एमएमची साडेसात ग्रॅमची, वेग दोघींचा साधारण सारखाच, म्हणजे अंगात शिरणारी ताकद तिप्पट. आणि रायफलची गोळी वजनाला हलकी पण सेकंदाला ९०० मीटरच्या वर पळते, ती यकृतातून गेली की आत यकृत म्हणून हातात धरता येईल असं काही उरतच नाही, ओल्या भाकरीच्या चुऱ्यासारखं बोटातून निसटतं. सुऱ्याचा घाव असला तर मला नेमकं माहीत असतं की पातं गेलं त्याच रेषेत शोधायचंय. गोळी हाडावर आपटून कुठेही वळते, मी पोट उघडून आतडं वीतवीत तपासत बसतो, एक भोक सापडलं की दुसरं असणारच, विषम संख्या आली की पोटात गोळा येतो कारण एखादं नजरेतून सुटलेलं असतं.

आता देशांच्या तुलनेकडे येऊ. लोक इथे गुन्हे आणि खून यांची सरमिसळ करतात आणि मग दोघंही भांडत बसतात. अमेरिकेत चोऱ्या, मारामाऱ्या, घरफोड्या इतर श्रीमंत देशांपेक्षा काही प्रचंड जास्त नाहीत, काही प्रकारांत तर लंडनसारखं शहर न्यूयॉर्कच्या पुढे राहिलेलं आहे. पण खुनाचा आकडा बघा. २०२१ मध्ये अमेरिकेत २६,०३१ माणसं खुनात मेली, त्यातली २०,९५८ बंदुकीने, म्हणजे दर पाचातली चार. आणि तिथे दर १०० माणसांमागे १२० बंदुका आहेत, माणसांपेक्षा बंदुका जास्त. लुटारू तिथेही लुटायलाच येतो, पण हातात पिस्तूल असलं की लुटीचा खून व्हायला एक दचकणं पुरतं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, बंदुकीचे खून सगळे वजा केले तरी अमेरिकेत उरलेले खून बऱ्याच युरोपियन देशांच्या एकूण खुनांपेक्षा जास्तच भरतात. म्हणजे त्या समाजात हिंसा आधीच आहे, गरिबी आहे, वंशभेदाचा जुना इतिहास आहे, सगळं खापर बंदुकीवर फोडता येत नाही. मेहुण्यांना हे सांगा.

मित्राचं म्हणणं, की लोकांकडे बंदूक असली की गुन्हेगार घाबरतात. हे म्हणणं उगाच हवेतलं नाही, जॉन लॉट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९० च्या दशकात आकडेवारी मांडून हेच सांगितलं होतं आणि त्यावर अमेरिकेत अनेक राज्यांनी कायदे बदलले, मागेल त्याला कमरेला पिस्तूल लावून फिरायचा परवाना. पुढे नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकेतल्या वैज्ञानिक संस्थेच्या समितीने २००४ मध्ये सगळं तपासून सांगितलं की या कायद्यांनी गुन्हे कमी झाले किंवा वाढले असं म्हणायला उपलब्ध पुरावा पुरेसा नाही. मग जॉन डोनोह्यू नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी वर्षांचे आकडे आणि जास्त चांगली पद्धत वापरून २०१९ मध्ये दाखवलं की असा कायदा केलेल्या राज्यात दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, कायदा नसता तर जेवढे असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते. सगळेच तज्ज्ञ हा आकडा डोळे झाकून मानतात असं नाही, पण घाबरून गुन्हेगार घरी बसले असं दाखवणारं काम मात्र टिकलेलं नाही.

आणि चोराला बंदूक म्हणजे काय ते तुम्ही सराफ आहात म्हणून तुम्हाला लगेच कळेल. चोराला बंदूक म्हणजे सोनं. लगेच विकली जाते, ओळख पटवायला अवघड, भाव उतरत नाही. अमेरिकेत दरवर्षी लाखो बंदुका चोरीला जातात, गाडीच्या डिकीतून, बेडच्या बाजूच्या ड्रॉवरमधून, आणि त्यातल्या काही मग माझ्याकडे येतात, म्हणजे त्यांच्या गोळ्या येतात. कायद्याने घेतलेली बंदूक आणि गुन्हेगाराची बंदूक अशा दोन वेगळ्या जाती नसतात, बहुतेक गुन्ह्यातल्या बंदुका कधीतरी कोणीतरी रीतसर पावती फाडूनच घेतलेल्या असतात.

स्वित्झर्लंड. हे उदाहरण प्रत्येक जण देतो म्हणून जरा थांबून बोलतो. तिथे दर १०० माणसांमागे साधारण २७-२८ बंदुका, म्हणजे अमेरिकेच्या पाव भागाच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याच लष्करी नोकरीशी जोडलेल्या रायफली. शिपाई रायफल घरी ठेवतो पण २००७ पासून तिच्या सरकारी गोळ्या घरी ठेवायला देत नाहीत. पिस्तूल खिशात घालून बाजारात फिरायला वेगळा परवाना लागतो आणि तो सहसा मिळत नाही. म्हणजे बंदूक कपाटात आहे, भांडण रस्त्यावर होतं, दोघांची गाठच पडत नाही. आणि २००३ मध्ये स्विस सैन्य निम्म्यावर आणलं, तेवढ्या घरांतून रायफली गेल्या, त्यानंतर त्या वयातल्या पुरुषांच्या आत्महत्या कमी झाल्या, बंदुकीने न करता दुसऱ्या मार्गाने केल्या असंही फारसं झालं नाही. हा भाग मात्र कोणी सांगत नाही.

उलटं उदाहरण होंडुरास. तिथे दर १०० माणसांमागे १४ च बंदुका, स्वित्झर्लंडच्या निम्म्या, आणि २०११ च्या आसपास खुनाचा दर जगात सगळ्यात वाईट होता, लाखामागे ८० च्या वर. कारण त्या बंदुका टोळ्यांच्या हातात, पोलीस पोचत नाहीत, खटला उभा राहत नाही. म्हणून देशात बंदुका किती या एका आकड्यावर खून किती ते ठरत नाही. कुठल्या प्रकारची, कोणाच्या हातात, आणि भांडणाच्या क्षणी हाताशी आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा काही बोलत नाही. अमेरिकेत व्हरमाँटसारख्या राज्यात शिकारीच्या बंदुका घरोघरी आहेत आणि खून अगदी कमी.

आमच्याच शहराचं घ्या. २०२१ मध्ये फिलाडेल्फियात ५६२ खून झाले, शहराच्या इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा, आमच्याकडे काही रात्री ट्रॉली कमी पडायच्या. २०२४ मध्ये २६९. निम्म्याहून कमी, तीन वर्षांत. बंदुका काही निम्म्या झाल्या नाहीत, उलट करोनाच्या काळात देशभर विक्रमी खरेदी झालेली, ती सगळी घरातच आहे. मग काय बदललं? शाळा, कामं, खेळाची मैदानं पुन्हा सुरू झाली, पैसा आला, आणि नेमक्या त्या पोरांवर काम करणारी माणसं पुन्हा रस्त्यावर आली. गोळीबार हा शहरभर सारखा पसरलेला नसतो. बॉस्टनमध्ये तर दिसलंय की निम्म्याच्या आसपास गोळीबार शहराच्या जेमतेम पाच टक्के भागात होतात, आणि तिथे १९९६ मध्ये पोलीस, चर्चची माणसं, समाजसेवक यांनी एकत्र येऊन टोळीतल्या पोरांना समोर बसवून सरळ सांगितलं की तुमच्यातल्या एकाने जरी गोळी चालवली तरी सगळ्या टोळीच्या मागे लागू, आणि सोडायचं असेल तर काम देऊ, त्यानंतर तरुणांचे खून ६० टक्क्यांच्या वर कमी झाले. आमच्या फिलाडेल्फियात ओसाड पडलेले प्लॉट साफ करून गवत लावलं, साधं लाकडी कुंपण घातलं, आणि गरीब वस्त्यांत अशा प्लॉटच्या आसपासचा गोळीबार २९ टक्के कमी झाला. मला पहिल्यांदा वाचून खरं वाटेना. मग एका पेशंटने सांगितलं, डॉक्टर त्या गवताच्या रानात आम्ही पिस्तुलं लपवायचो, अंगावर ठेवलं तर पोलीस धरतात.

म्हणजे बघा, तिथेही मुद्दा तोच, भांडणाच्या वेळी ती हाताच्या अंतरावर आहे की नाही.

आता ज्याबद्दल लोक प्रश्नच विचारत नाहीत त्याबद्दल. अमेरिकेत बंदुकीने जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त खुनात मरत नाहीत, स्वतःच्या हाताने मरतात. २०२२ मध्ये ४८,२०४ मधले २७,०३२. ही माणसं माझ्याकडे क्वचित येतात कारण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत, बंदुकीने प्रयत्न केला की दहातले नऊ तिथेच जातात. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्यांमध्ये शंभरातले पाचही जात नाहीत. आपल्याकडे हे कीटकनाशकाच्या रूपात सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या रेसिडेन्सीत फवारणीचं औषध प्यायलेले शेतकरी रोज यायचे, त्या विषावरच्या उताऱ्याच्या, अॅट्रोपिनच्या, कुप्या फोडून फोडून आमच्या बोटांना चिरा पडायच्या, आणि जे वाचायचे त्यातले कितीतरी तिसऱ्या दिवशी रडत म्हणायचे डॉक्टर मी काय करून बसलो. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि तिथल्या आत्महत्यांचा दर पुढच्या वीस वर्षांत ७० टक्क्यांच्या आसपास खाली आला. दुःख ७० टक्के कमी झालं नव्हतं हो. हाताशी असलेली वस्तू बदलली, म्हणून मधे वेळ मिळाला, कोणी दार ठोठावलं, कोणी उलटी करवली, कोणी उचलून आणलं. तो वेळ बंदूक देत नाही.

आता आपल्याकडे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवाना सहजासहजी मिळत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले, लाखामागे साधारण दोन, म्हणजे अमेरिकेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. आणि कारणं वाचा, सगळ्यात वरचं कारण वादावादी, ९,९६२ खून, त्यानंतर जुनं वैर ३,७६१. लुटीसाठी किंवा फायद्यासाठी केलेले १,८८४. बांध, पाणी, पार्किंग, दारूचे पैसे, लग्नातली डीजेवरची मारामारी. आपण काही अमेरिकनांपेक्षा शांत डोक्याची माणसं नाही, एकेका जिल्हा रुग्णालयाचं एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलीस केसच्या जखमींची नोंदवही, रविवारच्या रात्री उघडून बघा. पुण्यात गेली काही वर्षं पोरं कोयते घेऊन फिरतात, त्या बातम्या वाचून लोक म्हणतात कायदा कुठे आहे, आणि त्यांचं चुकत नाही, पण मी ते व्हिडिओ बघतो तेव्हा डोक्यात एकच येतं की याच पोरांच्या हातात नाइन एमएम असती तर त्या गल्लीत किती जण राहिले असते. कोयतेवाल्यापासून पळता येतं. मधे खुर्ची धरता येते, दुकानाचं शटर ओढता येतं.

आणि ती भीती काही कल्पनेतली नाही. पूर्वी पकडला जायचा तो बहुतेक गावठी कट्टा, एक गोळी भरायची, एक झाडायची, निम्म्या वेळा अडकायची नाहीतर चालवणाऱ्याचाच पंजा फाटायचा. आता मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनच्या पट्ट्यातून मॅगझिनवाली पिस्तुलं खाली येतायत आणि नाक्या-नाक्यावर पोरांकडे सापडतायत. एक गोळी आणि सात गोळ्या यात काय फरक असतो ते मला विचारा. इथे गेल्या काही वर्षांत पिस्तुलाला बसवायचा एक नखाएवढा तुकडा आलाय, त्याने पिस्तूल मशीनगनसारखं चालतं, आणि तेव्हापासून एकेका पेशंटच्या अंगात आठ-आठ, दहा-दहा भोकं मोजायला लागतायत. लायसन सोपं करा म्हणणाऱ्यांपेक्षा मला या पिस्तुलांची काळजी जास्त वाटते, पण दोन्हीचा उपाय एकाच दिशेला आहे, रस्त्यावरची संख्या कमी ठेवायची.

लायसनच्या शस्त्राने काही होत नाही, ते जबाबदार माणसाच्या हातात असतं, असं तुम्हाला वाटत असेल. २२ एप्रिल २००६ ची सकाळ आठवा, वरळीतलं घर, प्रमोद महाजन, आणि गोळ्या घालणारा सख्खा धाकटा भाऊ. पिस्तूल परवान्याचंच होतं. ३ मे ला ते गेले, मुंबईतले उत्तम डॉक्टर उशाशी असताना. भाऊ भाऊ भांडतात, त्या दिवशी घरात चाकू असता, फुलदाणी असती, तर पुढचं काय झालं असतं ते मी एक सर्जन म्हणून आकड्यांतच सांगू शकतो, आणि ते आकडे वर दिलेत.

कॅलिफोर्नियात एक मोठं काम झालं, २०२२ मध्ये छापलं गेलं, स्वतःकडे बंदूक नसलेली पण हँडगनवाल्याबरोबर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याबरोबर, एका घरात राहणारी लाखो माणसं बारा वर्षं पाहिली. त्यांचं खुनात मरायचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरातल्या माणसांच्या दुपटीहून जास्त निघालं. नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून घरात गोळी लागून मरायचं प्रमाण तर सातपट, आणि त्यात बहुतेक बायका. बाहेरच्या अनोळखी माणसाने घरात घुसून मारण्याचं प्रमाण काही कमी झालेलं दिसलं नाही, आणि बंदूक तर त्याच्यासाठीच घेतलेली असते ना.

तर तुमचं दुकान. दरोडेखोर येतात ते चार-पाच जण, ठरवून, दिवसा, हातात आधीच शस्त्र काढलेलं. तुमचं रिव्हॉल्व्हर गल्ल्याच्या खणात. अमेरिकेतल्या पीडितांच्या सर्वेक्षणात शंभर गुन्ह्यांमध्ये एकालाही धड बंदूक वापरता आलेली नाही, ०.९ टक्के, आणि तिथे तर ती घरोघरी आहे. तुम्ही खणाकडे हात नेलात की समोरच्याचा हात दचकतो, आणि समोर तुमचा कामाला ठेवलेला पोरगा उभा असतो. मी तुमच्या जागी असतो तर तो पैसा ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीत, म्हणजे सराफांच्या विम्यात, दोन दारांच्या मधे माणूस अडकवता येईल अशा प्रवेशद्वारात, आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दुकानाबाहेर कुठेतरी साठवण्यात घातला असता, संध्याकाळी ट्रे न चुकता तिजोरीत, आणि नोकरांना एकदा बसवून सांगितलं असतं की कोणी शस्त्र काढलं तर हात वर करायचे, माल द्यायचा, चेहरा लक्षात ठेवायचा. सोनं विम्यात परत येतं.

आणि एक विचारतो, राग मानू नका. घरात कोण कोण आहे? बारावीचा निकाल लागायचाय असा मुलगा आहे का, बाळंतपणानंतर गप्प गप्प झालेली सून आहे का, रात्री दोन पेग झाल्यावर आवाज चढणारा भाऊ आहे का, वाटणीचा वाद कोर्टात आहे का. यातल्या एकालाही हो असेल तर अर्ज करू नका, एवढं मी ठामपणे सांगतो, कारण दरोडा आयुष्यात एकदा पडला तर पडतो आणि हे सगळे रोज रात्री त्याच छताखाली झोपतात.

एवढं करूनही घ्यायचंच ठरलं, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षण आणि सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, ते प्रशिक्षण सहीपुरतं करू नका, मनापासून करा. शस्त्र रिकामं ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात, वेगळ्या खोलीत. घरात कोणी आजारी पडलं, नैराश्याची औषधं चालू झाली, भांडण पेटलं, तर ते काही महिने घराबाहेर कायदेशीर जागी ठेवता येईल का हे पोलीस ठाण्यात आधीच विचारून ठेवा, निवडणुकीच्या वेळी शस्त्रं जमा करून घेतातच, ती पद्धत त्यांना माहीत असते. आणि किल्ली देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते.